हिरव्या दोऱ्याचा टाका

हळद शिजायला लागली की माझा राग ताजा होतो. सध्या तेच दिवस आहेत. वसमतच्या चारी अंगांनी शेताशेतात हळदीच्या चुली पेटल्यात. संध्याकाळी वारा फिरला की तो ओलसर, मातकट, जरासा कडवट वास थेट माझ्या स्वयंपाकघरात येतो आणि कणीक मळता मळता माझ्या मुठी आवळतात. लोकांना या वासानं बरं वाटतं, वर्षभर राबून काढलेलं पीक हाताशी आलं म्हणून. मला अक्का आठवते.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. ती हट्ट्याला असते, शेताजवळच्या घरात. आम्ही वसमतला राहायला आलो त्याला बरीच वर्षं झाली. हट्टा काही लांब नाही, बसमध्ये बसून शेजारणीशी नीट ओळख व्हायच्या आत येतं. तरी मी सणावारापुरतीच जाते. कशाला खोटं बोलू, गेले तरी कधी एकदा परत निघते असं होतं.

आमचे हे काल हळदीच्या कामासाठी तिकडे गेले होते. येताना एक कॅरीबॅग घेऊन आले. "अक्कानं दिलीय. तुझंच काहीतरी हाय म्हणे," म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. कपडे, नखं, कानाच्या पाळ्या, सगळा माणूस पिवळा झाला होता. पिशवी मी शिलाई मशीनवर ठेवली. रात्रभर ती तिथंच होती, अजून सोडली नाही. आत काय आहे ते मला ठाऊक आहे. ते कधीतरी परत येणार हेही ठाऊक होतं. चहा होऊ दे, मग सोडते.

गेल्या वर्षी याच दिवसांत अक्काच्या पोरीचं लग्न झालं. हळदीच्या गर्दीत खरं तर कुणी कार्य धरत नाही, पण नवऱ्या मुलाला सुट्टी तेव्हाच होती. अंगणात एकीकडे मांडव, दुसरीकडे शिजलेली हळद वाळत घातलेली. पाहुण्यांचे तळपाय पिवळे, लेकरांचे गुडघे पिवळे. निघायच्या वेळेला अक्का ओट्या भरायला बसली. तांदूळ, नारळ, वर ब्लाउज पीस. माझी पाळी आली तेव्हा म्हणाली, "घे गं, तुझ्या रंगाला खुलंल." मी पदरात घेतलं, वाकून नमस्कार केला आणि बस पकडली.

घरी येऊन पदर सोडला. डाळिंबी रंगाचा खण, पिवळे काठ. सुती, अंगाला गार लागेल असा. चांगलाच होता. अक्काच्या हातून एवढं चांगलं कापड कसं सुटलं म्हणून मी त्याची घडी मोडली, आणि एका कोपऱ्यात हळदीचं बोट दिसलं. त्या बोटाशेजारी हिरव्या दोऱ्याचा एक फुलीचा टाका होता.

तो टाका माझ्या मायचा होता.

आता हे पीस प्रकरण सांगायला पाहिजे. ओटीतला पीस कुणी शिवतं असं नाही. तो पेटीत जातो आणि पुढच्या हळदीकुंकवाला दुसरीच्या ओटीत पडतो. असे पीस गावोगाव हिंडतात, कधीच कुणाच्या अंगाला लागत नाहीत. मी पण फिरवते, सगळ्याच फिरवतात. त्यात वावगं काही नाही. पण फिरवायलाही रीत असते. ज्या घरातून आला त्या घरात तो परत जाऊ द्यायचा नसतो, एवढं ध्यान बाईला असावं लागतं. आणि अक्काचं ध्यान म्हणाल, तर लग्नात कुणी कसल्या पातेल्यात भाजी आणली ते तिला पंचवीस वर्षांनीही आठवतं.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला माय बाळापूरहून हट्ट्याला आली होती. माहेरी थोडीशी जमीन, आखाडा बाळापूरच्या बाजारात माळवं, म्हणजे घरचा भाजीपाला, विकायचा आणि त्यावर घर चालायचं. तो खण मायनं स्वतःसाठी घेतला होता. शिवायला टाकते, टाकते म्हणत तसाच ठेवला आणि शेवटी अक्कासाठी घेऊन आली. कोरं कापड ती कधी कुणाला देत नसे. "आपल्या हातचा येक तरी टाका असावा त्यात, मंग ते दिल्यावानी व्हतं," असं तिचं म्हणणं. हळदीचं बोट लावायचं आणि शेजारी हिरव्या दोऱ्याची फुली घालायची. हळद आमच्याच वावरातली असायची.

ती अक्काची ओटी भरायला वाकली तेव्हा तिचा पदर सरला आणि मला तिच्या काखेतलं ठिगळ दिसलं. मी मागच्या दारी नेऊन तिला म्हटलं, "माय, तुझ्या अंगावर ठिगळ अन् हिला कशाला दिलास खण?" ती म्हणाली, "येडी हाईस. तिच्या अंगावर माझं कापड असलं म्हंजे तुला बोलताना तिची जीभ जरा अडंल."

अडली नाही. अडायला तो खण अंगावर तर यायला हवा. मी हट्ट्याच्या घरात राहिले तेवढी वर्षं रोज वाट बघायचे, आज घालते की उद्या घालते. सणाला बघायचे, लग्नाला बघायचे. अक्काच्या अंगावर सगळ्या रंगांचे ब्लाउज येऊन गेले, डाळिंबी काही आला नाही. जीभ मात्र मोकळी. चारचौघींत मला नावानं हाक मारायची नाही, "बाळापूरची" म्हणायची. "बाळापूरच्या भाकरीला पापुद्रा सुटत न्हाई." एकदा मी तापानं फणफणले होते, तर धुण्याची पाटी पुढ्यात आणून ठेवली आणि म्हणाली, "बाळापूरला ताप कवतिकाचा असतो वाटतं." मी धुणं धुतलं. माय गेली तेव्हा ही दहाव्याला आली, पण मायच्या खणाचा विषय तिच्या तोंडून निघाला नाही.

आणि तो खण हा असा माझ्याच ओटीत. हळदीचा डाग कालच लावल्यासारखा. आमच्या भागातल्या बाईला हे सांगावं लागत नाही, हळद उन्हाला टिकत नाही. कपड्यावर सांडली तरी धुवून दोन उन्हं दाखवली की उडते. हा डाग तसाच्या तसा होता, म्हणजे खण एकदाही पेटीबाहेर निघाला नव्हता. माझ्या मायची विनंती त्या बाईनं एवढी वर्षं अंधारात कोंडून ठेवली आणि मग नारळाबरोबर मला परत दिली.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "एका पीसाचं काय एवढं? इसरली असंल." मी त्या रात्री जेवले नाही. मनात एकच गोष्ट पक्की केली. हा खण अक्काच्या अंगावर चढवायचा, चारचौघींत, आणि त्यांच्याच पुढं विचारायचं, "अक्का, कुणी दिला होता हो हा?"

शिंप्याकडे टाकता आला असता. पण मायचा खण परक्या कात्रीखाली द्यायला मन घेईना. घरात शिलाई मशीन होती, तिच्यावर टेबलक्लॉथ आणि टेबलक्लॉथवर टीव्ही. टीव्ही उतरवला. ह्यांनी विचारलं, "काय करून राहिली?" म्हटलं, "शिवणार." "काय?" "बघा."

शेजारच्या वंदनाताई शाळेत शिकवतात आणि घरचं सगळं स्वतः शिवतात. त्यांना मी खरं कारण पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी खण हातात घेतला, टाक्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "करू आपण. पण पायडल इतकं रागानं मारू नका, सुई मोडंल." सुई मोडलीच. एक नाही, चांगल्या चार-पाच मोडल्या.

कडक उन्हाळा अभ्रे शिवण्यात गेला. पहिले अभ्रे इतके अरुंद झाले की उशी आत कोंबताना मला घाम फुटला. ह्यांनी रात्रभर त्या दगडावर डोकं ठेवलं आणि सकाळी मान धरून बसले बिचारे. मग परकर. नेफा मी चारी बाजूंनी इतका झोकात शिवला की नाडी घालायला तोंडच ठेवलं नाही. वंदनाताई हसून हसून जिन्यावर बसल्या. मी हसले नाही, उसवायला घेतलं. त्या वर्षात शिवलं त्याच्या दुप्पट मी उसवलं असेल. प्रत्येक टीप उसवताना मनात अक्काशी भांडण चालायचं. तिचंही मीच बोलायचे, माझंही मीच, आणि दरवेळी मीच जिंकायचे. भांडण रंगात आलं की हात सरळ चालायचा, हे मला फार उशिरा कळलं.

पावसाळ्यात लाइट गेली तरी आमची पायाची मशीन चालायची. खिडकीशी बसून मी मिक्सरला कव्हर शिवलं, कुकरला शिवलं, वंदनाताईंच्या नातवाला झबलं शिवलं. त्याच्या गळ्यातून लेकराचं डोकं जाईना, तर ते उसवून पुन्हा शिवलं. त्या झबल्यात ते लेकरू हसत रांगायला लागलं तेव्हा मला वाटलं, आता ब्लाउज जमेल. लेकरू गोड होतं, पण माझं लक्ष झबल्याच्या मुंढ्याकडे होतं, बाही जोडतात तिथं.

पोळा आला. तेव्हा मी एक गोष्ट केली, तिची आठवण झाली की अजून पोटात गुदगुल्या होतात. अक्कानं आजवर मला दिलेले पीस पेटीतून काढले. चमकणारे, टोचणारे, एकाला दोरा लावला तर दुसरा सुटणारा असला सगळा माल. ते सगळे एकमेकांना जोडले, खाली जुन्या चादरीचं अस्तर लावलं आणि हट्ट्याच्या बैलासाठी झूल शिवली. एवढ्या वर्षांचा तिचा मोठेपणा मी बैलाच्या पाठीवर घातला. गावभर मिरवला तो बैल. मी अक्काच्या तोंडाकडे बघत उभी होते, कधी ओळखते म्हणून.

तिनं एकही पीस ओळखला नाही. उलट झूल हातानं चाचपून म्हणाली, "बरी झाली गं. तुला शिवता येतं की."

गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात ते उगीच नाही. पण मी संधी सोडली नाही. म्हटलं, "अक्का, तुमच्यासाठी एक ब्लाउज शिवते. कापड माझं."

"फुकटात व्हय?"

"फुकटातच. मापाचा ब्लाउज तेवढा पाठवा."

दिवाळीच्या आधी मापाचा ब्लाउज आला. मी तो मशीनवर पसरला. अक्का अंगानं भरलेली. त्या ब्लाउजच्या कुशी, म्हणजे बाजूच्या शिवणी, सैल करायला दोनदा सोडलेल्या होत्या, खांद्याशी धाग्याचा रंग वेगळा, हुक एक गायब. दुसऱ्याचा ब्लाउज असा पालथा घालून बघणं फार वाईट. तिची पाठ किती वाकलीय ते कळत होतं. मला तिची दया येऊ नये म्हणून मी मुद्दाम तापाचा तो दिवस आठवला, धुण्याची पाटी आठवली, आणि खडू उचलला.

वंदनाताई म्हणाल्या, "खण आधी पाण्यात घाला रात्रभर. सुती हाय, पहिल्या धुण्यात आटंल."

"पाण्यात घातला तर हळद जाईल."

"मग आटंल."

"आटू द्या," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि टेप माझ्या हातात दिली. माझ्या डोक्यात तेव्हा दोन वाटा होत्या. पहिली, काखेत बोटभर घट्ट धरावं, म्हणजे हात वर केला की तिला माझी आठवण येईल. खडूनं तशी रेघ मारलीही. कात्री उघडली आणि हात धजला नाही. मायनं स्वतःच्या ठिगळावर पदर ओढून जे कापड दिलं, त्यात खोट कशी घालायची? रेघ पुसली आणि दुसरी वाट धरली. बाह्या जरा आखूड धरल्या आणि वाचलेलं कापड कुशींना आत दाबलं, चांगलं बोटभर. कापड आटलं की उद्या कुशी सोडायची वेळ येईल, आणि सोडायला ब्लाउज माझ्याकडेच यावा लागेल, असा माझा हिशोब होता.

मायचा टाका मी मागच्या गळ्याखाली मधोमध आणला, उलट्या बाजूला नाही, सुलट्या बाजूला, हळदीच्या बोटासकट. घालणारीला तो दिसणार नाही, मागं बसलेल्या सगळ्यांना दिसेल. ते वाक्यही मी तयार ठेवलं होतं. भांडी घासताना म्हणून बघायचे, कधी हळू आवाजात, कधी ठणकावून.

ब्लाउज शिवून झाल्यावर ह्यांच्या हाती हट्ट्याला धाडला. संक्रांतीचं हळदीकुंकू अक्काकडे होतं. भावकीतल्या सगळ्या जणी होत्या. मी गेले तेव्हा ती माझ्याकडे पाठ करून वाण मांडत होती. अंगावर डाळिंबी खण. असा बसला होता की मीच बघत राहिले. एक सुरकुती नाही. मानेखाली हिरवी फुली, शेजारी पिवळं बोट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा मला रागही आला, कारण आता रडायची वेळ नव्हती.

मी बसले. हातात तिळगूळ आला, तोंडात टाकला. शेजारच्या एका चुलत सासूनं विचारलंच, "ब्लाउज कुठं शिवला गं? लई बराबर बसलाय." मी तिळगूळ गिळायला घाई केली. तेवढ्यात अक्का वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमच्या धाकटीनं शिवलाय. खण तिच्या मायचा हाय, बाळापूरच्या. लई वर्सं जपून ठिवला व्हता मी. म्हनलं, लेकीच्या हातानंच शिवून घ्यावा, म्हनून तिच्याच वटीत घातला."

चुलत सासू म्हणाली, "अशी जाऊ भेटायला नशीब लागतं बाई."

माझ्या तोंडात तिळगूळ तसाच. वर्षभर पाठ केलेलं वाक्य त्याच्याबरोबर गेलं पोटात. मी फक्त मान हलवली. मान हलवली ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

परतीच्या बसमध्ये खिडकीवर डोकं टेकून मी विचार करत होते. घालताना तिला टाका दिसला आणि झटक्यात तिनं गोष्ट रचली? उचलली जीभ लावली टाळ्याला, ते तिला जमतं. की खरंच तिला लग्नातही माहीत होतं? माहीत होतं तर "तुझ्या मायचा हाय, घे" एवढं म्हणायला तिचं काय जात होतं? विसरली असेल तरी तिचाच गुन्हा, आठवत असेल तरी तिचाच. मी कुठूनही तिला सोडवू शकले नाही, आणि सोडवायची इच्छाही नव्हती. त्या बाईनं माझा सूडसुद्धा पीसासारखा फिरवला आणि माझ्याच ओटीत टाकला. वर माझ्याच शिवणकामाचं कौतुक करून घेतलं.

त्यानंतर मी मशीनवर टेबलक्लॉथ टाकला. टीव्ही मात्र परत ठेवू दिला नाही.

चहा झाला. पिशवी सोडली.

ब्लाउज आहे. सोबत निरोप काही नाही, पण एक बाजू टाचणीनं धरून ठेवलीय, म्हणजे इथं सोड. आटलाय. वंदनाताईंनी सांगितलं होतं तसाच, बोटभर. मी तो उजेडात नेला. मागच्या गळ्याखाली हिरवी फुली जागेवर आहे. हळदीचं बोट नाही. नीट निरखून बघितलं तर तिथं किंचित फिकट गुलाबी आहे, साबण लागला की हळदीचं होतं तसं, बाकी सगळं उन्हानं नेलं. आणि काखेत घामाच्या कडा आहेत, एकात एक, जुन्या नव्या. एका हळदीकुंकवानं एवढा घाम येत नाही. वावरातही घातलेला दिसतोय. डाव्या कुशीला हळदीचा नवा डाग आहे, या वर्षीचा.

रागच आला आधी. मग मायचं काखेतलं ठिगळ आठवलं आणि मी मशीनवरचा टेबलक्लॉथ काढला.

एवढ्यात अक्काचा फोन आला. "मिळाला का गं? घट्ट झालाय. आत कापड हाय का सोडायला?"

"हाय की," मी म्हटलं. "बक्कळ हाय."

"न्हाई तर ऱ्हाऊ दे. ठिवते पेटीत."

"पेटीत न्हाई ठेवायचा, अक्का." माझा आवाज मलाच वेगळा वाटला. "घट्ट झाला तर मी सोडीन. फाटला तर ठिगळ लावीन. दरवेळी पाठवत जा. पण घालायचा. तुमच्या अंगावर तो विरंपर्यंत घालायचा."

पलीकडे चुलीवरच्या हळदीची खदखद ऐकू येत होती. अक्कानं काहीतरी बोलायला घेतलं, "बाळापूर..." आणि थांबली. मग म्हणाली, "बरं. कधी देतीस?"

मी उसवायला बसलेय. मायनं म्हटलं होतं तेवढं झालं, अर्ध्या शब्दापुरती का होईना जीभ अडली. पण मी अजून तिला माफ केलेलं नाही. तो खण पुरता विरू दे, मग बघू.